गॅलरीत आलेलं मोहोळ

फेब्रुवारीतली सकाळ होती. कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले, तर मधुमालतीच्या वेलात तळहाताएवढं, काळसर तपकिरी काहीतरी लोंबत होतं. वाऱ्याने उडून आलेलं फडकं अडकलं असेल असं वाटलं. मग त्या फडक्यावरून वरून खाली एक झुळूक गेल्यासारखी हालचाल झाली आणि लक्षात आलं, ते मोहोळ होतं.

शेजारच्या काकूंनी दारातूनच सल्ला दिला, "औषध मारणाऱ्याला बोलवा बाई, घरात लहान मूल आहे." ते लहान मूल, म्हणजे तिसरीतली माझी मुलगी, तोवर काचेच्या दाराला नाक लावून उभी होती. तिने विचारलं, "आई, ह्या सगळ्या एकमेकींच्या अंगावर बसून काय करतायत?"

मला उत्तर देता आलं नाही. मधमाश्या मध गोळा करतात, राणीमाशी असते, चावल्या की सूज येते, एवढंच मला माहीत होतं. ते सांगून झाल्यावरही तिचा प्रश्न तसाच उरला. या प्रकरणात जे आहे ते आम्हा दोघींना ज्या क्रमाने कळलं, जवळजवळ त्याच क्रमाने लिहिलं आहे. कारण मुलांबरोबर शिकताना प्रश्न पुस्तकाच्या क्रमाने येत नाहीत, समोर जे हलतं त्याच्या क्रमाने येतात.

पहिला प्रश्न मात्र मोठ्यांनीच विचारायचा आहे: ही माशी कोणती? महाराष्ट्रात मधमाशी म्हणून जिला ओळखतात ती एकच माशी नाही. उंच झाडांवर, कड्यांवर, पाण्याच्या टाकीखाली किंवा मोठ्या इमारतींच्या सज्ज्यांखाली हातभर लांबीचं एकच उघडं पोळं लटकतं, ते आग्यामाशीचं. ही आपल्याकडची सर्वांत मोठी मधमाशी. तिला डिवचलं तर शेकडोंनी अंगावर येते. तिच्यापासून मुलांना लांबच ठेवायचं. तिथे दगड, फटाके, धूर, सेल्फी यांतलं काहीही नको. सातेरी माशी अंधाऱ्या पोकळीत राहते. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीत ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. ती लाकडी पेटीतही नांदते, म्हणून आपल्या मधपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या तिलाच सांभाळलं. मोठ्या मधपाळांच्या पेट्यांत असते ती मेलिफेरा, मूळची युरोपातली. भिंतीच्या भेगेतून किंवा मीटरच्या पेटीतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली, तर आत डंख नसलेल्या इवल्या मधमाश्या असतात. आणि झुडपात, वेलीत, गॅलरीच्या गजाला तळहाताएवढं एकच पोळं बांधते ती फुलोरी. चणीने घरमाशीएवढी, पोटाचा वरचा भाग नारिंगी-तांबूस, खाली काळे-पांढरे पट्टे.

आमच्याकडे आली होती ती फुलोरी. तीही डंख मारू शकते, पण मोहोळाला हात लावला, वेल हलवला किंवा तिच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभं राहिलं तरच. आम्ही गॅलरीचा तो कोपरा सोडून दिला, दोऱ्या दुसऱ्या बाजूला बांधल्या आणि काचेच्या दारामागे एक स्टूल ठेवलं. घरात कुणाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल, तर असं करू नये. मग जाणकार माणूस बोलावून मोहोळ दुसरीकडे हलवावं.

स्टुलावर बसून पहिल्या आठवड्यात मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. एकमेकींच्या अंगावर बसलेल्या त्या माश्या म्हणजे घराच्या भिंती होत्या. फुलोरीला ढोल नाही, पेटी नाही, छप्पर नाही. पोळ्यातली अंडी, अळ्या आणि मध यांच्यावर माश्याच आपल्या अंगांचा पडदा धरतात. ऊन वाढलं की पंख हलवून वारा घालतात, पाणी आणून शिंपडतात. ज्या डहाळीला पोळं टांगलेलं असतं, तिच्यावर दोन्ही बाजूंनी झाडांच्या डिंकाचा चिकट पट्टा असतो. मुंगी तिथवर येते आणि थबकते. आमच्या घरात आजी गुळाच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवतात. त्यांनी तो पट्टा पाहिला आणि नातीला म्हणाल्या, "अगं, ही तर माझ्यासारखीच आहे." माहितीच्या कुठल्याही पुस्तकामुळे तो पट्टा मुलीच्या इतका ध्यानात राहिला नसता.

मोहोळ कठड्याच्या उंचीवर होतं, त्यामुळे आम्हाला ते थोडं वरून दिसायचं. हे भाग्यच, कारण फुलोरीचा सगळा कारभार माथ्यावर चालतो. डहाळीभोवती पोळ्याचा वरचा भाग रुंद होऊन एक छोटा सपाट ओटा तयार झालेला असतो. चारा शोधून आलेली माशी त्या ओट्यावर उतरते आणि नाचते. पोट डावी-उजवीकडे झपाझप हलवत सरळ थोडी पुढे जाते, वळून मागे येते, पुन्हा तीच सरळ धाव. इतर माश्या तिच्या मागे मागे फिरतात आणि मग उडून जातात.

या नाचाचा अर्थ लावला तो कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने. सरळ धावेची दिशा म्हणजे फुलांची दिशा. धाव जितका वेळ चालते तितकं अंतर जास्त. 1973 चं नोबेल त्याला कोनराड लोरेन्झ आणि निकोलास टिनबर्गेन यांच्याबरोबर मिळालं. पण पालकांनी त्याच्या चरित्रातला लक्षात ठेवावा असा भाग बऱ्याच आधीचा आहे. लहानपणी या मुलाने घर पाळीव प्राण्यांनी भरून टाकलं होतं आणि त्याच्या आईने त्याला अडवलं नाही. त्या घरात प्राणी निरखणं हा वेळेचा अपव्यय मानला गेला नाही, याचा पुढे जगाला किती फायदा झाला!

फ्रिशने पाहिली ती युरोपातली पेटीतली माशी. तिचं पोळं अंधारात उभं टांगलेलं असतं. उभ्या भिंतीवर नाचून बाहेरची आडवी दिशा सांगायची कशी? ती माशी इथे एक युक्ती करते: पोळ्यावर सरळ वर धावली, तर त्याचा अर्थ 'सूर्याच्या दिशेने जा'. वरच्या दिशेपासून उजवीकडे चाळीस अंश कलून धावली, तर 'सूर्याच्या उजवीकडे चाळीस अंशांवर जा'. फुलोरीला एवढं भाषांतर करावं लागत नाही. फ्रिशचा विद्यार्थी मार्टिन लिंडाउअर याने 1950 च्या दशकात श्रीलंकेत जाऊन आपल्याकडच्या या माश्यांचा अभ्यास केला. तेव्हा दिसलं की फुलोरी आडव्या ओट्यावर नाचते आणि थेट फुलांच्या दिशेनेच धावते. जणू बोट दाखवते. उघड्यावरची ही सोपी भाषा आधीची आणि अंधारातली भाषा तिच्यापासून पुढे घडली असावी, असा विचार त्यातून पुढे आला. युरोपातल्या मुलांना ही भाषा पाहायला काचेची पेटी लागते. आपल्या मुलांना ती गॅलरीत फुकट दिसू शकते, आणि आपण तीच औषध मारून घालवतो.

हे वाचून समजलं, पण अंगात मुरलं ते खेळातून. रविवारी सकाळी मुलीच्या बाबांनी सोसायटीच्या बागेत गुळाचा खडा लपवला. वर येऊन त्यांनी काही बोलायचं नाही, फक्त नाचायचं. पहिला डाव फुलोरीचा: जमिनीवर, खड्याच्या दिशेने सरळ चालायचं, एका सेकंदाला वीस पावलं असा हिशेब. दुसरा डाव सातेरीचा: भिंतीवर बोट फिरवून दाखवायचं, छत म्हणजे सूर्य. दुसरा डाव मोठ्यांना अवघड गेला, मुलांना तीन फेऱ्यांत जमला. मध्ये अर्धा तास नाश्त्यात गेला आणि मुलीने ओरडून सांगितलं, "बाबा, सूर्य सरकला! आता तुमचा नाच चुकीचा आहे!" नाचत राहणाऱ्या माश्याही सूर्य सरकतो तसा आपल्या धावेचा कोन बदलत जातात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिने खऱ्या नाचाचे बाण काढायला घेतले. वहीवर मोहोळ मध्ये काढायचं, होकायंत्र शेजारी ठेवायचं आणि दिसलेल्या प्रत्येक नाचाचा एक बाण. चार दिवसांत बरेचसे बाण दोन इमारतींच्या मधल्या फटीकडे वळलेले दिसले. आम्ही त्या दिशेने चालत गेलो. पलीकडच्या गल्लीत एक शेवगा फुलून पांढरा झाला होता आणि त्याच्यावर फुलोरी माश्या होत्या. मुलगी आनंदाने उड्या मारत होती, पण मी एक शंका काढली: ह्या आपल्याच माश्या कशावरून? दुसरं मोहोळ नसेल कशावरून? ती घरी येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या माश्यांना खूण करायला पाहिजे."

फ्रिशनेही हेच केलं होतं. माश्यांच्या पाठीवर रंगाचे बारीक ठिपके देऊन तो एकेका माशीला ओळखू लागला, त्यानंतरच नाच आणि फुलं यांची सांगड पक्की झाली. आम्ही ठिपके दिले नाहीत, कारण त्यासाठी माशी हातात धरावी लागते आणि ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. पण एका आठ वर्षांच्या मुलीला पुरावा म्हणजे काय हे उमगलं, ते शेवग्याखालून घरी येताना.

याच वयाच्या मुलांनी असं काम तडीस नेल्याची एक खरी हकिकत आहे. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचं खेडं आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या 25 मुलांनी भुंगमाश्यांवर एक प्रयोग केला. त्यांच्या मदतीला होता बो लॉटो हा मेंदूचा अभ्यासक, ज्याचा मुलगा त्याच शाळेत शिकत होता. प्रयोग गावातल्या जुन्या चर्चमध्ये मांडला. प्रकाशाच्या पेटीवर चौकोनांत मांडलेल्या गोल चकत्या होत्या. काही चौकोनांत कडेला पिवळ्या आणि मध्ये चार निळ्या, काहींत नेमकं उलट. साखरपाणी फक्त मधल्या चार चकत्यांत, कडेच्या चकत्यांत खारं पाणी. म्हणजे नुसता निळा किंवा नुसता पिवळा रंग ध्यानात ठेवून माशीचं भागणार नव्हतं. 'दुसऱ्या रंगाच्या वेढ्यातला मधला रंग' हे तिला शिकावं लागणार होतं. माश्या ते शिकल्या. शिवाय सगळ्या एकाच पद्धतीने शिकल्या नाहीत, एकेकीची वेगळी रीत दिसली. हा निबंध मुलांच्याच शब्दांत, त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह, डिसेंबर 2010 मध्ये रॉयल सोसायटीच्या 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात छापून आला. त्यात आधीच्या संशोधनाचे संदर्भ नव्हते. प्रश्न मुलांचे स्वतःचे होते. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की त्या बापाने मुलांना उत्तर सांगितलं नाही. त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

घरी करण्याजोगा प्रयोग साधा आहे. बागेत किंवा गच्चीवर निळ्या कागदावर साखरपाण्याची बशी ठेवा, शेजारी करड्या छटांच्या कागदांवर रिकाम्या बश्या. माश्या येऊ लागल्या की दोन-तीन दिवसांनी सगळ्या बश्या रिकाम्या करून कागदांच्या जागा बदला. माश्या निळ्याकडे गेल्या, तर त्यांना रंग कळतो. 1914 च्या सुमारास फ्रिशने याच रीतीने दाखवून दिलं की मधमाश्या रंगांध नाहीत. लाल कागद घेतला तर मात्र फसगत होते. लाल त्यांना गडद करड्यासारखा दिसतो. उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण त्यांना दिसतात, आणि कित्येक फुलांवर त्या किरणांत उठून दिसणाऱ्या वाटा आखलेल्या असतात. बशी पाण्याच्या थाळीत ठेवायला विसरू नका, नाहीतर अभ्यास मुंग्यांचा होईल.

मार्चमध्ये बागेतल्या हिरवळीवर अनवाणी धावताना मुलीच्या पायाला मधमाशी चावली. आजी लोखंडाची किल्ली घेऊन धावल्या, त्यांच्या माहेरी डंखावर लोखंड घासत. आम्ही आधी काटा काढला. कामकरी माशीच्या नांगीला उलट्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. आपल्या कातडीत ती अडकते, माशी उडते तेव्हा नांगी विषाच्या पिशवीसकट मागे राहते आणि माशी मरते. मागे राहिलेली पिशवी आकुंचन पावत विष ओततच राहते. त्यामुळे काटा नखाने खरवडून काढायचा की चिमटीने, यापेक्षा तो किती लवकर निघतो हे महत्त्वाचं. मग जागा धुऊन बर्फ लावायचा. किल्ली घासून विष उतरत नाही. श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा. डंख बसला त्या जागी एक वासही राहतो, जो इतर माश्यांना 'इथे धोका आहे' असं सांगतो. मेलिफेरा माशीच्या या वासातलं मुख्य रसायन पिकलेल्या केळ्याच्या वासाचं असतं, म्हणून पेट्यांजवळ केळं खात नाहीत. गांधीलमाशीची नांगी अशी अडकत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. बारीक कंबर आणि गुळगुळीत अंग यांवरून ती ओळखायची.

पाय हातात धरून मुलगी रडत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती मेली का?" त्या दिवसानंतर ती मधमाशीला घाबरेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मुलांची भीती पुष्कळदा आपल्या चेहऱ्यावरून उचललेली असते. आपण किंचाळलो तर ती किंचाळतात.

संध्याकाळी तिला फ्रांस्वा ह्यूबेरची गोष्ट सांगितली. हा जिनीव्हाचा. 1750 चा जन्म. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली. तरी मधमाश्यांविषयीची त्याच्या काळातली सर्वांत अचूक निरीक्षणं याच आंधळ्या माणसाच्या नावावर आहेत. प्रश्न तो विचारायचा, डोळे दुसऱ्यांचे असायचे. फ्रांस्वा ब्युर्नां हा त्याचा नोकर पाहायचा आणि सांगायचा, ह्यूबेर उलटतपासणी घ्यायचा, पुन्हा पाहायला लावायचा. एकदा दोन मोहोळांतली प्रत्येक माशी हाताने उचलून तपासण्यात ब्युर्नांचे अकरा दिवस गेले. पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी ह्यूबेरने बनवून घेतली, म्हणजे एकेक पोळं 'वाचता' येईल. राणीमाशीचं मीलन मोहोळाबाहेर हवेत होतं, हे त्याने दाखवलं. माश्या मेण बाहेरून आणत नाहीत, ते त्यांच्या अंगातूनच स्रवतं, हेही त्याने प्रयोगाने पक्कं केलं. त्याची बायको मारी-एमे त्याला वाचून दाखवायची, त्याच्यासाठी लिहायची. पुढे मुलगा पिएर मोठा झाला आणि वडिलांचे डोळे बनला. ह्यूबेरच्या मधमाश्यांवरच्या 1814 च्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात पिएरची मदत आहे, आणि हाच मुलगा स्वतः मुंग्यांचा नामवंत अभ्यासक झाला. आई-वडील आणि मूल मिळून मधमाश्या शिकले, याचं याहून थोर उदाहरण मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने डोळ्यांना रुमाल बांधला आणि मला स्टुलावर बसवलं. "आता तू सांग, मी विचारते." तिच्या प्रश्नांनी मला घाम फुटला. माशीच्या पायाला काय लागलंय? दोन्ही पायांना सारखंच? रंग कोणता? परवा पण हाच होता? मागच्या पायांवरच्या परागांच्या गोळ्यांचा रंग फुलाप्रमाणे बदलतो, हे मी तोवर पाहूनही पाहिलं नव्हतं.

इथे एक गोष्ट आपल्या भाषेच्या बाजूने सांगायला हवी. युरोपात ॲरिस्टॉटलपासून शतकानुशतकं मोहोळाच्या प्रमुखाला राजा म्हणत. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच माणसाने त्या 'राजा'च्या पोटात अंडाशय दाखवला, तेव्हा शंका मिटली. मराठीत मधमाशी स्त्रीलिंगी आहे आणि मोहोळात दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या माश्या माद्याच असतात. झाडलोट करणाऱ्या, अळ्यांना भरवणाऱ्या, मेण पाडणाऱ्या, पहारा देणाऱ्या, फुलांवर जाणाऱ्या. कामकरी माशी वयाप्रमाणे ही कामं बदलत जाते, फुलांवर जाणं तिच्या वाट्याला शेवटी येतं. म्हणजे फुलावर दिसणारी माशी मोहोळातल्या वडीलधाऱ्यांपैकी असते, हे ऐकून आजींना समाधान वाटलं.

नर थोडे असतात, आणि त्यांच्या जन्माचं कोडं मुलांना घालण्यासारखं आहे. राणीच्या फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. म्हणजे नराला आई आहे, बाप नाही. पण आजोबा आहेत! आता कागदावर नराची वंशावळ काढायची: नर एक, त्याच्या मागे आई एक, तिचे आई-बाप दोन, त्यांच्या मागे तीन, मग पाच, मग आठ. मुलीने पुढची ओळ न काढताच तेरा हा आकडा सांगितला, कारण मागचे दोन मिळवले की पुढचा येतो हे तिने पकडलं होतं. फिबोनाचीच्या नावाने जग या आकड्यांना ओळखतं, पण लघु आणि गुरू अक्षरांनी ठरावीक मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील, हे मोजताना छंदांचा अभ्यासक हेमचंद्र याने बाराव्या शतकात तेच आकडे लिहिले होते, फिबोनाचीच्या आधी. एक मात्रा लघू, दोन मात्रा गुरू, टाळ्या वाजवून मोजा. मुलांना गणित आणि वृत्त एकाच वेळी कळतं.

सारख्या मापाच्या सात बांगड्या घेऊन एकीभोवती सहा बसवल्या की पोळ्यातल्या घरांचा षटकोन कुठून येतो याची चाहूल लागते. सपाट जागा सारख्या क्षेत्रफळाच्या घरांत वाटायची, तर षटकोनात भिंती सर्वांत कमी लागतात, असा तर्क रोमन लेखक व्हॅरोच्या काळापासून होता. त्याची संपूर्ण गणिती सिद्धता टॉमस हेल्सने 1999 मध्ये दिली.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुंडीतली वांगी फुलली आणि आणखी एक धडा मिळाला. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग नळीत बंद असतात, नळीच्या टोकाला बारीक भोक. मधमाशीला ते झटकून बाहेर काढता येत नाहीत. ते काम काळा लाकूडपोखऱ्या भुंगा करतो, किंवा पोटावर निळे पट्टे असलेली एकटी राहणारी माशी. फुलाला घट्ट धरून ती अंग थरथरवते. तेव्हा तिचा सूर उडतानाच्या सुरापेक्षा वर चढतो, कान देऊन ऐकलं तर स्पष्ट कळतो. घरातल्या भरल्या वांग्याचं श्रेय कुणाला, हे त्या उन्हाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर ठरलं. गुलाबाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखे गोल काप पडलेले दिसले तर रोग समजून फवारू नका. ती पानं कापून घर बांधणाऱ्या माशीची करणी असते, आणि झाडाचं त्यात फारसं बिघडत नाही.

मेच्या सुट्टीत महाबळेश्वरला गेलो. जवळचं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. या डोंगरांत सातेरीच्या पेट्या पाळणारी कुटुंबं पूर्वीपासून आहेत. जांभूळ, हिरडा यांच्या फुलोऱ्याचा मध इथे मिळतो, आणि सात-आठ वर्षांनी एकदाच कारवी फुलते तेव्हा तिचा. मुलीने बोटं मोजून पाहिलं, पुढची कारवी येईल तोवर ती दहावीत असेल. मधपाळाने पेटी उघडून चौकट वर धरली. सुरीने वरचं मेणाचं झाकण कापलं, चौकट मधयंत्रात ठेवून हाताने फिरवली. मध बाहेर पडला, पोळं जसंच्या तसं, ते परत पेटीत. पोळं तोडून पिळून काढलेल्या मधापायी अळ्यांचा जीव जातो आणि मोहोळही उठतं. दोन्ही बाटल्यांवर लेबल 'मध' असंच असतं, म्हणून विकत घेताना तो कसा काढला हे विचारायची सवय मुलांना लावावी. मधाची साखर झाली म्हणजे भेसळ, हाही समज सोडून द्यावा. अस्सल मधही फुलांनुसार थिजतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो.

तिथून आणलेल्या मधावरून घरात एक अवघड बोलणं झालं. भाच्याला नुकताच मुलगा झाला होता आणि आजींना बाळाला मध-सोनं चाटवायचं होतं. त्यांच्या सगळ्या मुलांना त्यांनी ते चाटवलं होतं. पण मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं. शुद्ध, घरचा, जंगलचा, कसलाही मध असो, बाळ वर्षाचं होईपर्यंत बोटभरही द्यायचा नाही. आजींनी मुलांच्या डॉक्टरांकडून ते दोनदा ऐकलं, मग मानलं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याला मध चाटवायचा असं ठरलं.

आम्ही महाबळेश्वरहून परत आलो तेव्हा गॅलरीतलं मोहोळ उठून गेलं होतं. फुलोरी असंच करते. ऊन सोसवेनासं झालं, फुलं संपली की जागा सोडते. मागे फिकट पिवळं, कागदासारखं हलकं पोळं उरलं होतं. ते काढून वहीत ठेवावं असं मुलीला वाटत होतं, पण चार दिवस थांबू म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने हाक मारली. रिकाम्या पोळ्यावर पाच-सहा फुलोरी माश्या बसल्या होत्या आणि कडेचं मेण कुरतडून मागच्या पायांवर लादत होत्या. नवं घर जवळ असलं, तर फुलोरी जुन्या पोळ्याचं मेण उचलून नेते. म्हणजे त्या फार लांब गेल्या नव्हत्या. आठवड्याभरात पोळ्याची झालर संपली, डहाळीवर डिंकाचे दोन पट्टे तेवढे राहिले.

तुमच्या गॅलरीत तळहाताएवढं मोहोळ दिसलं, तर औषध मारणाऱ्याला फोन करण्याआधी मुलांना हाक मारा. काचेच्या दारामागे स्टूल ठेवा, एकच नको, दोन ठेवा.